दाढ दुखत होती, गोळी डोक्याची चालू होती

मावशीच्या नागपुरातल्या महाल भागातल्या घरी फ्रिजवर श्रीखंडाचा रिकामा डबा असतो. त्यात माझ्या मावसभावाच्या गोळ्या. वय ३६, बौद्धिक अपंगत्व जन्मापासूनचं. सहा वर्षांपूर्वी तो स्वतःच्या उजव्या गालावर थपडा मारायला लागला, रात्र रात्र ओरडायचा, तेव्हा रिस्पेरिडोन सुरू झालं, म्हणजे गंभीर मानसिक आजारांवरचं, अँटिसायकोटिक गटातलं औषध. चिठ्ठी अजून तीच, घडीवर फाटलेली, चिकटपट्टी लावलेली.

गेल्या मे महिन्यात मी इंग्लंडमधल्या लीड्सहून गेले, तेव्हा बशी उचलताना त्याचा हात थरथरला आणि अर्धा चहा बनियनवर सांडला. वजन भलतंच वाढलेलं. ही औषधं घेणाऱ्यांच्या शरीराला उष्णता सांभाळणं अवघड जाऊ शकतं, आणि बाहेर पारा पंचेचाळिशीला. दातांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर उजवीकडची दाढ मुळापर्यंत किडलेली. बोलता न येणारा माणूस दुखतंय कुठे, हे आणखी कसं सांगणार?

आमच्या नात्यात आणि तिथल्या पालकांच्या बैठकीत यावरून दोन तट आहेत. एक म्हणतात, लेकराला गुंगीत ठेवणं पाप आहे, गोळ्या फेकून द्या. मावशी म्हणते, "फेकते मी, पण रात्री त्यानं मले ढकललं, तर उचलाले कोण येऊन राहिलं?" तिच्या प्रश्नाला उत्तर न देता गोळ्यांवर बोलणाऱ्यांचा मला राग येतो. शिवाय अशी गोळी एकदम तोडणं धोक्याचं असतं.

मी लीड्सला अशाच चार प्रौढांच्या घरात काम करते. तिथेही हेच चाललं होतं. २०१५ च्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या ३३,०१६ प्रौढांच्या नोंदी तपासल्या, तर अँटिसायकोटिक मिळालेल्यांपैकी ७१ टक्के लोकांना गंभीर मानसिक आजार असल्याची नोंदच नव्हती. त्याआधी २००८ मध्ये अशा लोकांच्या आक्रमक वागणुकीवर रिस्पेरिडोन आणि त्याच गटातल्या हॅलोपेरिडॉलच्या चाचणीचे निष्कर्ष आले होते. औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीपेक्षा त्यांचा उपयोग जास्त दिसला नाही. २०१६ मध्ये अशा लोकांना गरजेपेक्षा जास्त गोळ्या देणं थांबवायची 'स्टॉम्प' मोहीम तिथे सुरू झाली. आता आमच्याकडे कोणी बिथरलं की आधी दात, कान, पोट बघतो. बद्धकोष्ठानंही माणूस डोकं आपटतो. प्रत्येक गोळीपुढे ती कशासाठी आणि पुन्हा कधी तपासायची, हे लिहिलेलं असतं.

पण आम्ही पाळीपाळीनं काम करतो. मावशी एकटी आहे, ६८ वर्षांची. लीड्सची शिस्त नागपुरात मागायची, तर रात्रीचा एक माणूसही मागायला हवा, निदान आठवड्यातून दोन रात्री. आपला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा बौद्धिक अपंगत्वाला मानसिक आजार मानत नाही. मग वर्षानुवर्षं डोक्याची गोळी चालते, तेव्हा ती कुठल्या आजारासाठी, हे विचारायचा हक्क मावशीला आहे. तिनं तो कधी वापरला नव्हता. डॉक्टरांना उलट विचारायचं कसं, म्हणायची.

या वेळी विचारलं. दाढ काढल्यावर थपडा थांबल्या होत्या. डॉक्टरांनी डोस पावानं कमी केला, पुढचं दीड महिन्यानं बघू म्हणाले. मावशी आता कालनिर्णयवर रोज खूण करते: शांत झोपला तर टिंब, ओरडला तर फुली. परवा व्हिडिओ कॉलवर तिनं ते पान दाखवलं. फुल्या तीन होत्या, आणि एकीपुढे लिहिलं होतं, 'शौचाले झालं नाही'.