फॅस्टिडियसचा उपवासाशी संबंध नाही ओ काका

काका नमस्कार, खानापूरहून एवढी लांब कॉमेंट टाईप केलात, बरं वाटलं. तुमचं म्हणणं असं की इंग्रजीतला फॅस्टिडियस, म्हणजे सहजासहजी काही पसंत न पडणारा, हा शब्द फास्ट म्हणजे उपवासावरनं आलाय, उपवासाचा माणूस हे चालतं ते चालत नाही करतो तसा, आणि त्याच्या मुळाशी किळस आहे असं पोस्टमध्ये लिहून मी चोखंदळ लोकांचा उगीच अपमान केलाय.

उपवासाचं डोकं भारी लावलात, पण जुळत नाही की ओ. तो फास्ट इंग्रजीचा घरचा, जर्मॅनिक कुळातला, मूळ अर्थ घट्ट धरणं. फॅस्टिडियस आलाय लॅटिनच्या फास्टिडियम मधनं आणि त्याचा अर्थच मुळी किळस, तिटकारा, ताट पुढं आलं की नको वाटणं. फास्टुस म्हणजे गर्व आणि टेडियम म्हणजे कंटाळा हे दोन त्यात मिसळले असावेत असा अंदाज आहे, टीडियस पण त्या टेडियमचाच. इटालियनमध्ये आजही फास्तीदियो म्हणजे कटकट, फ्रेंचमध्ये याच शब्दाचा भाऊ कंटाळवाण्या कामाला लावतात. म्हणजे किळस मी पदरची घातलेली नाही!

आता चोखंदळ. शहापुरात साडी घेताना पदर दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघणारी मावशी चोखंदळ, तिला चांगलं काय ते हवंय. हॉटेलात धुतलेला ग्लास परत रुमालानं पुसून, वर वास घेऊन मग पाणी पिणारा तो माझ्या मते फॅस्टिडियस, कारण त्याला वाईट काय ते नकोय. डिक्शनरीवाले दोन्ही एकात घालतात, घालू देत.

आणि अपमानाचं म्हणाल तर आमच्या लॅबमध्ये जंतूंना पण हाच शब्द आहे. लहान पोरांना मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज, करणारा हिमोफिलस इन्फ्लुएन्झा घ्या, साध्या अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, हा वाढतच नाही, त्याला हेमिन म्हणजे रक्तातलं लोहवालं द्रव्य पण लागतं आणि एनएडी म्हणजे पेशीतलं एक रसायन पण, आणि हे सगळं तांबड्या पेशींच्या आत अडकलेलं, मग रक्त तापवून पेशी फोडायच्या, प्लेट तपकिरी होते म्हणून नाव चॉकलेट अगार, चॉकलेट त्यात औषधालासुद्धा नसतं तरी नवीन आलेली पोरं वास घेतात ते घेतातच. एवढे लाड लागतात म्हणून पुस्तकात त्याला सरळ फॅस्टिडियस लिहितात, त्यात स्तुती नाही की शिवी नाही.

किळसवालं वाक्य पोस्टमध्ये तसंच ठेवतोय काका, राग मानू नका.