डेव्हिड कांस्याचा, मेरी थर्माकोलची

कोपनहेगनच्या बंदरावर एक जुनं गोदाम आहे. वेस्ट इंडीजमधली साखर, रम, कॉफी तिथे उतरायची. आता आत युरोपातल्या नामांकित शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती आहेत आणि बाहेर मायकेलँजेलोचा डेव्हिड. तोही नक्कलच, पण कांस्याची. मार्च २०१८ मध्ये याच गोदामासमोर 'आय ॲम क्वीन मेरी' हा सुमारे सात मीटर उंच पुतळा बसला. डेन्मार्कमधलं कृष्णवर्णीय स्त्रीचं हे पहिलं सार्वजनिक स्मारक.

मेरी थॉमस ही वेस्ट इंडीजमधल्या, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या सेंट क्रॉय बेटावरच्या ऊसमळ्यातली मजूर. गुलामगिरी १८४८ मध्येच संपली होती, कागदावर. लगेच १८४९ साली कायदा आला: करार वर्षाचा, मजुरी सरकारने ठरवलेली, मळा बदलायचा तर फक्त १ ऑक्टोबरला. १८७८ साली नेमका त्याच तारखेला मजुरांच्या बंडाचा भडका उडाला. मळेच्या मळे पेटले, फ्रेडरिकस्टेड शहराचा मोठा भाग जळाला. मेरी आणि तिच्या सोबतिणींना शिक्षा भोगायला समुद्रापार कोपनहेगनच्या तुरुंगात नेलं. लोकांनी मात्र त्यांना 'क्वीन' केलं.

पुतळ्यातली मेरी उंच पाठीच्या वेताच्या खुर्चीत ऐसपैस बसलीय. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या 'ब्लॅक पँथर' पक्षाचा नेता ह्यूई न्यूटन याचा १९६७ चा फोटो ज्यांनी पाहिलाय, त्यांना ती खुर्ची लगेच ओळखू येईल. एका हातात मशाल, दुसऱ्यात ऊस तोडायचा कोयता (तो बीडच्या वाचकाला समजावायला नको). जनेट एलर्स आणि ला व्हॉन बेल या दोघी कलाकारांनी स्वतःच्या शरीरांचे थ्रीडी स्कॅन एकत्र करून तिचा देह घडवला. मला सगळ्यात पटलं ते चौथऱ्याचं काम. त्यात सेंट क्रॉयहून आणलेले प्रवाळाचे दगड बसवलेत. गुलामांनी समुद्रातून कापून काढलेले हे दगड तिथल्या जुन्या इमारतींच्या पायात घातले जायचे. राणीचं आसन त्यांच्यावर!

आता माझी तक्रार. ही मेरी पॉलिस्टायरीनची, म्हणजे आपली मखरं ज्यातून कापायचे त्याच थर्माकोलच्या जातीची, वरून काळा थर. परवानगीही तात्पुरतीच. डिसेंबर २०२० च्या वादळात तिची मोडतोड झाली आणि ती उतरवावी लागली. डेव्हिडला काय होणार! कलाकारांनी हाताशी होतं त्यात काम उभं केलं, त्यांना बोल नाही. पण डेन्मार्कने १९१७ साली ही बेटं अमेरिकेला अडीच कोटी डॉलरला विकली. त्याआधी डेन्मार्कात सार्वमत झालं, त्यात बेटांवरच्या लोकांना मत नव्हतं. त्या रकमेसमोर एका कांस्यपुतळ्याचा खर्च तो काय? तो सरकारी तिजोरीतूनच व्हायला हवा, वर्गणी काढून नाही.