झेनिया म्हणजे निरपेक्ष पाहुणचार नव्हे

प्राचीन ग्रीकांची ‘झेनिया’ म्हणजे हुबेहूब आपले ‘अतिथिदेवो भव’, म्हणजे दारी आलेल्या कोणाही परक्याचे नावसुद्धा न विचारता आणि कसलीही अपेक्षा न ठेवता आदरातिथ्य करणे, अशा आशयाचा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्यात थोडे तथ्य आहे. मुख्य दावा मात्र टिकत नाही.

आधी नावाविषयी. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात वेषांतर करून आलेल्या अथेने देवीला नायक ओडिसिअसचा मुलगा टेलेमॅकस आधी जेवू घालतो आणि मग ती कोण, कुठली हे विचारतो. चौकशी टळत नाही, फक्त जेवणानंतर होते. झेनिया हे पाहुणा आणि यजमान यांच्या घराण्यांतले नाते; नावगाव कळल्याशिवाय ते जुळणार कसे?

निरपेक्षतेचा दावा सर्वांत कच्चा आहे. ‘झेनिया’ ज्यांच्यात असते त्या ‘झेनोस’ या एकाच शब्दाचे परका, पाहुणा आणि यजमान असे तिन्ही अर्थ होतात, म्हणजे हे नाते दुतर्फी आहे. होमरच्याच ‘इलियड’ या ट्रॉयच्या युद्धावरील महाकाव्याच्या सहाव्या सर्गात रणांगणावर समोरासमोर आलेल्या, शत्रुपक्षांतल्या ग्लॉकस आणि डायोमिडीस यांना उमगते की डायोमिडीसच्या आजोबांनी ग्लॉकसच्या आजोबांना 20 दिवस घरी ठेवून घेतले होते आणि त्या दोघांनी कमरपट्टा व सोन्याचा पेला यांची देवाणघेवाण केली होती. तेवढ्या आधारावर नातू लढाई टाळून चिलखते बदलतात. पण ग्लॉकसने 100 बैलांच्या मोलाचे सोन्याचे चिलखत देऊन 9 बैलांच्या मोलाचे कांस्याचे घेतले, तेव्हा देवांचा राजा झ्यूसने त्याची बुद्धी हिरावली, असा शेरा होमर मारतो. ‘ओडिसी’च्या तेराव्या सर्गात तर ओडिसिअसचा यजमान राजा अल्किनूस सरदारांना सांगतो की प्रत्येकाने ओडिसिअसला एक मोठी तिवई आणि हंडा द्यावा, खर्च नंतर लोकांकडून वसूल करू. (हे दातृत्व आपल्याला अगदीच अनोळखी नसावे.)

परके आणि भिकारी झ्यूसकडूनच येतात, असे ‘ओडिसी’त ओडिसिअसची डुकरे राखणारा युमेयस म्हणतो, तेवढे तथ्य मान्य. पण त्याच काव्यात भिकाऱ्याच्या वेषातल्या ओडिसिअसला, त्याच्या पत्नीशी लग्न करू पाहणारा अँटिनोअस पाय ठेवायचा स्टूल फेकून मारतो, आणि स्पार्टा या ग्रीक नगरराज्यात परक्यांना हाकलण्याची रीतसर प्रथाच होती.

पाहुण्याच्या कर्तव्यांचा तर त्या मजकुरात उल्लेखही नाही. स्पार्टाचा राजा मेनेलाउसच्या घरी पाहुणा म्हणून राहून ट्रॉयचा राजपुत्र पॅरिसने त्याची पत्नी हेलन हिला नेले, हा झेनियाचाच भंग मानला गेला.

हे नाते राजकारणातही जड जाई. इ.स.पू. 431 मध्ये स्पार्टाचा राजा आर्किडामस अथेन्सच्या प्रदेशावर चालून येत असताना, त्याच्याशी झेनियाचे नाते असलेला अथेन्सचा नेता पेरिक्लीस धास्तावला, की आर्किडामस त्या नात्याखातर आपली शेते वगळेल आणि लोक आपल्यावर संशय घेतील; म्हणून त्याने सभेत आधीच जाहीर केले की तसे झाले तर ती जमीन नगराच्या मालकीची होईल.