आईचा तो व्हिडिओ आता पुरे

आज सकाळी चहा गाळता गाळता फॅमिली ग्रुप उघडला, तर आईचा तो व्हिडिओ पुन्हा फिरायला लागलेला. या खेपेला कुणीतरी त्याच्यामागे ढोलकी लावली आहे. खाली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. चहा तसाच ओट्यावर राहिला. दिवसभर ऑफिसात डोक्यात तेच होतं, म्हणून आता लिहायला बसले.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळीत बहिणीचा मुलगा अमेरिकेहून आला तो व्हीआरचा हेडसेट घेऊन, म्हणजे डोळ्यांवर चढवला की चहूबाजूंनी खोटंच जग खरं वाटायला लावणारं यंत्र. क्वेस्ट ३. आमच्या घरात याआधी कुणीच असलं काही डोळ्यांवर चढवलं नव्हतं. भाच्याला त्याचं फार कौतुक, आणि त्याचं बोलणं ऐकायला मलाही आवडत होतं. १९६८ साली आयव्हन सदरलँड या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञानं असंच डोक्यावर घालायचं यंत्र केलं, ते इतकं जड की वर छताला टांगावं लागायचं. हा ५१५ ग्रॅमचा, चार्ज करायचा नि घालायचा.

पहिला नंबर माझा. खालचं चाक फिरवून त्यानं भिंगं माझ्या डोळ्यांच्या अंतराला जुळवली आणि आमच्या हॉलच्या जागी समुद्राचा तळ आला. डोक्यावरून देवमासा गेला. मान मागे टाकली तर त्याचं पांढरं पोट संपेचना. मी हात वर केला, लागेल असंच वाटलं. फार सुंदर होतं ते, आजही अंगावर काटा येतो.

मग आई. वय ७४, सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत. नव्या वस्तूला ती कधी नाही म्हणत नाही. "चष्मा काढू का रे?" एवढंच तिनं विचारलं. आणि आमच्या या शहाण्यानं तिला लावून दिला फळीचा गेम. तुम्ही लिफ्टमध्ये उभे, लिफ्ट वर वर जाते, दार उघडतं, समोर एक लाकडी फळी आणि तिच्याखाली अख्खं शहर. आईला यातलं काही सांगितलं नाही. मुद्दाम सांगितलं नाही, कारण सांगितलं की मजा जाते. आम्हाला सगळं टीव्हीवर दिसत होतं. लिफ्ट वर जायच्या आधीच मोबाइल वर झाले होते.

दार उघडलं आणि आई खाली बसली. आधी गुडघ्यांवर, मग हातांवर. सतरंजीची कड तिनं दोन्ही मुठींत धरली, पेरं पांढरी पडेपर्यंत. आणि आम्ही हसत होतो. हो, मीसुद्धा. व्हिडिओत सगळ्यात मोठा आवाज माझाच आहे. हेडसेट काढल्यावर तिनं पदर सारखा केला, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "गॅलरीचं दार लावलंय ना?"

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. तिला वाटलं, आपण चालत चालत खरंच गॅलरीपर्यंत गेलो.

यावर आणखी मोठा हशा. हे वाक्यसुद्धा व्हिडिओत आहे, आणि याच वाक्यावर ढोलकी वाजते.

"खोटं आहे हे माहीत असून एवढं काय घाबरायचं?" असं एकानं खाली लिहिलंय. अहो, माहीत असून उपयोग काय? घाटात एसटीत पुस्तक वाचलं की मळमळतं ना? तेव्हा कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो गाडी वळतेय आणि डोळे म्हणतात पान जागेवर आहे. इथे ते उलटं. कान म्हणतो तू हॉलमध्ये उभी आहेस, डोळे म्हणतात तू वर चाललीस, आणि या भांडणात डोळे जिंकतात. तरण्याताठ्या मुलांचे पाय त्या फळीवर लटपटतात. आई तर कशावर उभी आहे हेही तिला सांगितलेलं नव्हतं. त्या हेडसेटच्या कडेला दोनदा टिचकी मारली की समोर आपली खोली दिसायला लागते. एवढं एक वाक्य तिला कुणी सांगितलं असतं तर? भाच्याला माहीत होतं. बाकीच्यांनी विचारलं नाही.

माझी चीड आहे ती याची. लहानपणी वाईला आजोळच्या वाड्यात आम्ही आंधळी कोशिंबीर खेळायचो. मागच्या अंगणात आड होता. ज्याच्यावर राज्य तो त्या बाजूला वळला की सगळी पोरं ओरडायची, "आड, आड!" ज्याला तो पकडायला निघालेला असायचा तोही ओरडायचा. आऊट झालो तरी चालेल, पण डोळे बांधलेल्याला सावध करायचं. हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि परवा माझ्या आईचे डोळे बांधलेले असताना आम्ही सहा जण हॉलमध्ये होतो, एकाच्याही तोंडून "आई, काही नाही, मी इथे आहे" निघालं नाही. मोबाइल धरलेला हात खांद्यावर कसा ठेवणार?

आता भाच्याबद्दल. मुलगा वाईट नाही, त्यांच्यात असंच एकमेकांना घाबरवतात आणि हसतात, हे मान्य. पण त्यापुढचं मान्य नाही.

कारण दुसऱ्या दिवशी काय झालं ते व्हिडिओत नाही. सकाळी पूजा आटोपून आई स्वतःच आली आणि भाच्याला म्हणाली, "ते पुन्हा दे मला. पण आधी काय दिसणार ते सांग." पोरगं ओशाळलं. खाली बसून त्यानं तिला सगळं सांगितलं, कुठलं बटण, टिचकी कुठे मारायची, आणि बीट सेबर लावला. यात जागचं हलायचं नाही, गाण्याच्या ठेक्यावर लाल-निळे ठोकळे अंगावर येतात, दोन हातांतल्या दोन तलवारींनी ते कापायचे. पहिले दहा-बारा सुटले. मग तिला ठेका सापडला. शाळेत वर्षानुवर्षं लेझीम बसवलेली बाई आहे ती! ओठांत एक-दोन-तीन-चार मोजत डावा, उजवा, डावा, उजवा. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर घाम. गाणं संपल्यावर हेडसेट न काढताच म्हणाली, "हात मोकळे झाले गं. अजून एक लाव."

मी तिच्या बाजूला उभी होते. फोन आत चार्जिंगला होता, त्यामुळे याचा व्हिडिओ नाही, आणि नाही तेच बरं.

मघाशी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, सॉरी, मी माझ्याकडून डिलीट करतो," आणि दोन मिनिटांत केलासुद्धा. पण तोवर तो पुढे गेलेला. साताऱ्याच्या काकूंच्या स्टेटसला अजून आहे, आत्ताच पाहिला. काकू, तुम्ही हे वाचता मला माहीत आहे. कृपा करून काढा. आई रोज रात्री जेवण झाल्यावर सगळ्यांचे स्टेटस बघते.