प्लमवुडबाईंना मगरीने तत्त्वज्ञ केलं नाही

व्हॅल प्लमवुड या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ बाईंची गोष्ट सहसा अशी सांगितली जाते: 1985 साली उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काकाडू राष्ट्रीय उद्यानाच्या पाणथळीत मगरीने त्यांना तीनदा पाण्याखाली फिरवलं, त्या कशाबशा वाचल्या, मरणाच्या दारात साक्षात्कार झाला, मांसाहार सुटला आणि त्या निसर्गाच्या तत्त्वज्ञ झाल्या. हल्ला खरा आहे. पुढचं बहुतेक सगळं चुकीचं आहे.

‘हल्ल्यानंतर त्या या विषयाकडे वळल्या.’ इथे नुसत्या तारखा लावून पाहिल्या तरी पुरे. तेव्हाचे पती रिचर्ड राउटली यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं ‘द फाइट फॉर द फॉरेस्ट्स’ 1973 चं आहे, म्हणजे हल्ल्याच्या बारा वर्षं आधीचं. देशी जंगल तोडून तिथे रेडिएटा पाइन या एकाच जातीची झाडं लावण्याच्या सरकारी धोरणावर ते होतं. लाकडाच्या मागणीचे अंदाज आणि लागवडीचा हिशेब तपासून त्यांनी वनखात्याला धारेवर धरलं. माणसाला जगाचा एकमेव मापदंड मानण्यावरचा दोघांचा मोठा निबंधही 1980 चा. घोळ होतो तो मगरीवरचा प्रसिद्ध निबंध नव्वदच्या दशकात आल्यामुळे. वाचक तिथून सुरुवात करतो आणि तीच बाईंची सुरुवात समजतो.

या कथेतून गळते ती सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाई तर्कशास्त्रातल्या होत्या, आणि चांगल्या मुरलेल्या. अभिजात तर्कशास्त्रात ‘अ’ आणि ‘अ नाही’ ही दोन्ही विधानं एकदम मान्य केली की त्यातून काहीही सिद्ध होतं, अगदी चंद्र चुन्याचा आहे हेसुद्धा. राउटली दांपत्याने 1972 मध्ये यावर एक तोड मांडली. प्रत्येक स्थितीला, म्हणजे जग कसं असू शकेल याच्या प्रत्येक चित्राला, एक जोडीदार स्थिती द्यायची. ती ताऱ्याच्या खुणेने दाखवतात. मूळ स्थितीत ‘अ नाही’ खरं ठरेल ते जोडीदार स्थितीत ‘अ’ खरं नसेल तेव्हा. आता मूळ स्थितीत ‘अ’ खरं आणि जोडीदारात खरं नाही असं असेल, तर मूळ स्थितीत ‘अ’ आणि ‘अ नाही’ दोन्ही खरी ठरतात, तरी त्यातून वाट्टेल ते निघत नाही. दोन्ही स्थिती एकच धरल्या की नकार पुन्हा जुन्या चालीने चालतो.

पुढच्या कामाची नाळ इथेच आहे. 1993 मध्ये त्यांनी दाखवलं की अभिजात तर्कशास्त्रातल्या जुन्या नकारात ‘अ नाही’ म्हणजे ‘अ’ वगळून उरलेलं सगळं. त्याला स्वतःची ओळखच नसते. माणूस आणि निसर्ग, पुरुष आणि स्त्री, बुद्धी आणि शरीर या जोड्यांत त्यांना हीच रचना दिसली. तिची लक्षणं त्यांनी पाच सांगितली: दुसऱ्याचं योगदान पार्श्वभूमीत ढकलणं, दोघांत टोकाची फारकत करणं, दुसऱ्याची व्याख्या ‘आपल्यात आहे ते त्याच्यात नाही’ एवढीच करणं, त्याला साधन मानणं आणि त्याच्यातले सगळे भेद पुसणं. शेवटचं लक्षण पाइनच्या लागवडीला लावून पाहा. शंभर जातींचं रान तोडून एकाच जातीच्या रांगा लावल्या तरी कागदावर ते ‘वनक्षेत्र’च राहतं.

‘त्या दिवसापासून मांस सोडलं.’ त्या आधीपासूनच शाकाहारी होत्या, आणि शिकार मुळात पाप आहे म्हणून नव्हे. प्राण्याला जिवंत मांसाचा गोळा करून टाकणारी कारखानी पशुपालनाची पद्धत त्यांना अमान्य होती. उलट, कोणत्याही प्राण्याला खाद्य मानणंच गैर, या सरसकट व्हीगन भूमिकेवर त्यांनी कडक टीका केली. ती भूमिका शेवटाला नेली तर वाघ-मगरीही गुन्हेगार ठरतात आणि शिकारीवर जगणारे आदिवासी समाज मागासलेले. शिवाय माणूस अन्नसाखळीबाहेरचा असल्याचा जुना समज तसाच राहतो. त्यांचं म्हणणं असं की आपण सगळेच खाद्य आहोत, आणि खाद्याहून अधिकही आहोत. हल्ल्याने काही दिलं असेल तर या विचाराला धार; खाद्य आणि मृत्यू यांवरचं त्यांचं पुष्कळ लेखन नंतरचंच आहे.

‘निसर्गाने सूड घेतला’ किंवा ‘क्रूर श्वापदाशी झुंज’ हे वर्तमानपत्री रंग. पावसाळ्यात, पाणी चढलेलं असताना, त्या एकट्याच होडीतून मगरीच्या हद्दीत गेल्या होत्या. सुटका करणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन एखादी मगर मारण्याची भाषा केली, तेव्हा पाय फाटलेल्या अवस्थेतही बाईंनी ठाम विरोध केला: घुसखोर मी होते.

‘शेवटी सर्पदंशाने गेल्या’ हेही चूकच. 2008 मधल्या पहिल्या बातम्यांत साप किंवा कोळी चावल्याचा संशय होता. मृत्यू पक्षाघाताने झाला होता, वयाच्या 68 व्या वर्षी. दुरुस्ती आली तोवर सापाची बातमी सगळीकडे पोचली होती.