एमबीएच्या वर्गात उधारी कोण शिकवणार?

गेल्या महिन्यात इथं बेळगावातल्याच एका बिझनेस स्कूलनं स्टार्टअप डे ठेवला होता आणि मला ज्युरी म्हणून बोलावलं. शनिवार होता, शनिवारी आमच्या मशीन शॉपमध्ये पगार असतो, त्यामुळं जायचं की नको असं दोन दिवस चाललेलं, पण मुलांचं काम बघायला मिळतंय म्हणून गेले. नऊ टीम होत्या. मुलांनी मनापासून तयारी केली होती, स्लाईड नीटनेटक्या, मार्केट केवढं आहे त्याचे गोल, पाच वर्षांचं प्रोजेक्शन, सगळं. आणि नऊपैकी एकाही टीमच्या स्लाईडवर गिऱ्हाईक पैसे किती दिवसांनी देणार हे लिहिलेलं नव्हतं.

त्यातला एक मुलगा खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडचा. घरी काजूचं काम. इंग्लिशमध्ये थांबत थांबत बोलत होता, काजूचा ब्रँड करायचा, बॉक्स करायचा, ऑनलाईन विकायचं असं. मी त्याला मराठीत विचारलं, बी कधी घेता आणि पैसे कधी येतात? त्यानं आधी सरांकडं बघितलं, बोलू का मराठीत म्हणून, आणि मग जे सुटला ते दहा मिनिटं थांबला नाही. म्हणाला, मॅडम, बी मार्च ते मे एवढीच मिळते आणि ती रोख घ्यावी लागते, शेतकरी उधार देत नाही, चार किलो बीला साधारण एक किलो गर पडतो, आणि तो गर आम्ही वर्षभर विकतो. म्हणजे पैसा अडकतो तीन महिन्यांत आणि सुटतो बारा महिन्यांत. त्यात चोर्ल्याच्या रस्त्यानं गोव्याला जो माल जातो तिथले हॉटेलवाले दीड दीड महिना लावतात. त्याची आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर हॉटेलवार लिहून ठेवते, आणि कुठल्याही नव्या गिऱ्हाइकाला दोन डब्यांच्या वर उधार द्यायचं नाही हे तिचं ठरलेलं आहे, कारण दोन डबे बुडाले तर घर चालतं, चार बुडाले तर पुढची बी घ्यायला पैसे उरत नाहीत.

मी त्याला म्हटलं, अरे मग हे स्लाईडवर का नाही? तो म्हणाला, त्या कॅनव्हासमध्ये याला चौकोनच नाही मॅडम.

खरं आहे त्याचं. बिझनेस मॉडेल कॅनव्हास म्हणजे अख्खा धंदा एका पानावर मांडायचा तक्ता, त्याचे नऊ चौकोन आहेत, पैसा कुठून येणार आणि कशावर खर्च होणार याचे दोन आहेत, पण आज गेलेला पैसा आणि नव्वद दिवसांनी येणारा पैसा यांच्यामधल्या दिवसांत काय खायचं त्याला जागा नाही. बक्षीस दुसऱ्या टीमला गेलं, त्यांचंही काम चांगलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या मुलाच्या आईला जे येतं ते आपल्या एकाही बिझनेस स्कूलच्या सिलॅबसमध्ये धड नाही आणि तेच नसल्यामुळं धंदे बंद पडतात, हे मला गेला महिनाभर झोपू देत नाहीये.

मी स्वतः 2011 ला बेळगावातच एमबीए केलं. फायनान्सला वर्किंग कॅपिटल सायकल होती, म्हणजे धंद्यात अडकलेला पैसा किती दिवसांनी परत येतो ते, फॉर्म्युला पाठ होता, पेपरमध्ये मार्क पण चांगले पडले. मग उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीत आप्पांचं मशीन शॉप आहे, तिथं आले. दोन सीएनसी, तीन जुने लेथ, आजूबाजूच्या फौंड्रीतून कास्टिंग घ्यायचं आणि मशिनिंग करून हायड्रोलिकवाल्यांना पार्ट द्यायचे, एवढंच आमचं काम. 2018 ला एका मोठ्या कंपनीची ऑर्डर लागली. 6 लाख 40 हजारांचं बिल, वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 1 लाख 15 हजार. घरी पेढे वाटले. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, साठ दिवस लिहिलेलं. माल गेला, आधी इनवर्ड, म्हणजे माल आत आल्याची नोंद, झालं नाही म्हणून पंधरा दिवस, मग क्वालिटीचा माणूस रजेवर म्हणून आठवडा, मग बिल पास झालंय पण पेमेंट रन पुढच्या महिन्यात. पैसे आले 140 दिवसांनी. जीएसटी मात्र पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला भरावाच लागतो, गिऱ्हाइकानं दिले की नाही ते कुणी विचारत नाही, इनपुट, म्हणजे खरेदीवर आधीच दिलेला जीएसटी, वजा जाऊन जे राहिलं ते खिशातून भरलं. फौंड्रीवाल्याला पैसे द्यायचे, हेस्कॉमचं विजेचं बिल, शनिवारचे पगार. आईच्या पाटल्या सोसायटीत ठेवल्या. आई एका शब्दानं बोलली नाही, रुमालात बांधून हातात दिल्या. आमचे फोरमन अण्णा, कन्नड माणूस, आप्पांच्या वेळचे, त्यांनी त्या दोन शनिवारी स्वतःचा पगार उचलला नाही आणि मला ते महिनाभर कळूही दिलं नाही.

एमबीएच्या दोन वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं की पीओवरचे साठ दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे. बिलाच्या तारखेपासून की माल स्वीकारल्यापासून की बिल पास झाल्यापासून? या एका ओळीत तीस-चाळीस दिवसांचा फरक पडतो आणि लहान माणसाचा धंदा तेवढ्यात बसतो.

आपल्याकडं अशा कार्यक्रमांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घेतात, घ्यायलाच पाहिजे, 1888 साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, तो रस्ता आजही किर्लोस्कर रोड आहे. पण त्यांनी पुढं केलेल्या लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, हा भाग भाषणात एका वाक्यात उरकतात. मला तर वाटतं त्या दोन वर्षांवरच अख्खं सेमिस्टर शिकवावं. माल तयार आहे, गिऱ्हाईक नाही, कामगार आहेत, लोखंडाचे पैसे द्यायचेत, काय केलं असेल त्या माणसानं? नंतर नगरपालिकेनं जागा सोडायला लावली आणि 1910 मध्ये औंधच्या राजांच्या मदतीनं कुंडल रोडला किर्लोस्करवाडी उभी राहिली, म्हणजे बेळगावनं एकदा हा उद्योग घालवलेला आहे.

आणि हे सगळं बिझनेस स्कूलच्या बाहेरचं आहे असं पण नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधल्या सरस सरस्वती या प्राध्यापक बाईंनी 27 मुरलेल्या उद्योजकांचा अभ्यास केला, त्यात त्यांना दिसलं की ही माणसं आधी किती मिळेल ते बघत नाहीत, बुडालं तर किती झेपेल ते आधी ठरवतात, आणि हातात जे आहे, ओळखीचं जे आहे तिथून सुरुवात करतात. मला हे वाचताना थेट ते दोन डबे आठवले. जांबोटीची बाई तेच करते आणि तिचा पोरगा ते लपवून स्लाईडवर प्रोजेक्शन लावतो, कारण त्याला वाटतं मार्क त्याला आहेत.

कायदा पण शिकवा की. लहान उद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा 2006 चा आहे, मायक्रो किंवा स्मॉल युनिटला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. आता आयकराच्या नियमामुळं वेळेत पैसे दिले नाहीत तर गिऱ्हाइकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. ट्रेड्स म्हणून प्लॅटफॉर्म आहेत, बिल चढवायचं, गिऱ्हाइकानं मान्य केलं की बँका बोली लावतात आणि पैसे एक-दोन दिवसांत खात्यावर, मुदत आली की गिऱ्हाईक बँकेला देतो. 250 कोटींवर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना तिथं रजिस्टर व्हायला सांगितलंय. त्या दिवशी नऊ टीमना विचारलं, ट्रेड्स कुणी ऐकलंय? एक हात वर आला, तोही सरांचा. अर्थात कायदा असला तरी गिऱ्हाइकावर तक्रार कोण करणार, ऑर्डर जाते. म्हणूनच मागायचं कसं हे शिकवायला पाहिजे. संबंध न तोडता, आवाज न चढवता, शहापुरात मराठीत, हुबळीला कन्नडमध्ये, पुण्याच्या परचेसवाल्याशी हिंदीत. ही विद्या आहे आणि ती आमच्या अण्णांना येते, त्यांना एखाद्या कॉलेजनं गेस्ट लेक्चरला बोलवावं असं मला फार वाटतं.

योजना कमी नाहीत. कर्नाटक राज्याच्या एलिव्हेट या स्टार्टअप योजनेत 50 लाखांपर्यंत ग्रँट आहे, केंद्राच्या पीएमईजीपी या कर्ज-सबसिडीच्या योजनेत मॅन्युफॅक्चरिंगला 50 लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट बसतो. पण हे सुरुवातीचे पैसे झाले, सहाव्या महिन्यात अडकलेल्या बिलाचं काय? आपल्याच राज्यात 1982 ला उजिरेला रुडसेटी ही ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगार शिकवणारी संस्था सुरू झाली, फुकट निवासी ट्रेनिंग, आणि त्या धर्तीवर पुढं देशभर ज्या आरसेटी निघाल्या त्यात ट्रेनिंगनंतर दोन वर्षं पाठपुरावा असतो. दोन वर्षं! आमच्या इन्क्युबेशन सेंटरची मजल बऱ्याचदा डेमो डेच्या फोटोपर्यंत असते.

मला विचाराल तर एक करा. कॉलेजनंच पोरांचं पहिलं गिऱ्हाईक व्हा. कॅन्टीनला काजू लागतो, लॅबला फिक्स्चर लागतात, समारंभाला बॉक्स लागतात, ते तुमच्याच पोरांकडून घ्या आणि पंधराव्या दिवशी पैसे द्या. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण दुसऱ्या गावातल्या एका शिक्षणसंस्थेनं लॅबच्या कामाचे माझे पैसे आठ महिन्यांनी दिले होते, आणि त्याच आवारात उद्योजकता केंद्राची पाटी होती. पहिलं बिल वेळेत मिळाल्याचा अनुभव ज्या पोराला येतो तो पुढं दुसऱ्याचे पैसे पण वेळेत देतो, आमच्या उद्यमबागेत अशी चार-पाच माणसं मी बघितलीत.

आणि एमबीएच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना एक अख्खं सेमिस्टर उद्यमबाग, मच्छे, वडगाव-शहापूरचे माग, खानापूरचे काजूवाले, कुठंही एका युनिटच्या येणे यादीवर, म्हणजे कुणाकडून किती पैसे यायचेत त्या यादीवर, बसवा. रिपोर्ट नको. यादी घ्यायची, फोन करायचे, तारखा लिहायच्या, शनिवारी मालकाबरोबर बसायचं.

आमच्याकडं दोघांची सोय होईल. येणे यादी, बँकेचं पासबुक, सगळं उघडं ठेवते, 2018 चं ते बिल पण फाईलला आहे. ज्या सरांना-मॅडमना पटतंय त्यांनी मेसेज करा. त्या जांबोटीच्या मुलाला मी आधीच सांगितलंय, तो येत्या शनिवारपासून दहाला येणार आहे, येताना आईचं कॅलेंडर घेऊन ये म्हटलंय.