रोमिंगवरचा सोलापूरकर

"सोलापुरात बघायला आहेच काय?" असं बाहेरच्या माणसाने विचारलं तर सोलापूरकर अंगावर धावून जातो. स्वतः मात्र हेच वाक्य दिवसातून चारदा म्हणतो. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या हेच चाललंय. एकाने सुचवलं की जिल्ह्याच्या पर्यटनासाठी मोबाइल कंपन्यांकडून डेटा घ्यावा, लोक कुठून येतात, कुठे थांबतात ते बघावं आणि त्यावरून एक डिजिटल नकाशा तयार करावा. झालं. निम्मे म्हणाले, ॲप काढा, पर्यटक आपोआप येतात. उरलेले म्हणाले, आधी नळाला रोज पाणी आणा, आणि तसंही इथे आहे काय? मी मध्ये चार ओळी लिहिल्या, तर उत्तर आलं, "तुला काय बे जातंय बोलायला, तू तिकडं सायकलवर फिरतो."

फिरतोच. नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनला राहून रविवारी दुसरं काय करणार? घरातून निघतो, सायकलवाटा मिळतात तिथे खांबावर आकडा दिसतो, बाण पुढच्या आकड्याकडे नेतो, तिथून त्याच्या पुढच्या. आकडे चिठ्ठीवर लिहून हँडलला अडकवले की फोन खिशातून काढावा लागत नाही. ही आकड्यांची पद्धत १९९०च्या दशकात बेल्जियमच्या लिम्बर्गमध्ये एका खाण अभियंत्याने काढली (इथले लोक हे फारसं सांगत नाहीत, हल्ली मीही सांगत नाही). आधी खांब उभे राहिले. कुठला खांब वाकला, कुठला आकडा पुसला, हे बघत फिरणारी निवृत्त मंडळी तयार झाली. ॲप आणि आलेख त्यानंतरचे. हा क्रम ग्रुपवर कुणाला ऐकायचा नाही.

आमच्या शेजारचं न्यूनन घ्या. चित्रकार व्हॅन गॉग तिथे १८८३ ते १८८५, जेमतेम दोन वर्षं राहिला. तेवढ्या भांडवलावर गाव आजही चालतंय. त्याने रंगवलेलं चर्च, त्याच्या वडिलांचं घर, प्रत्येक ठिकाणी फलक आहे, संग्रहालय आहे, आणि २०१४मध्ये रात्री चमकणारा सायकलमार्गही झाला. आपल्याकडे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१०मध्ये सोलापुरात जन्मले, १९३८मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२मध्ये तिथेच वारले. आजही चीनमध्ये त्यांचं नाव घेतात. सोलापुरात त्यांचं स्मारक आहे. पण स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याला तिकडे जा म्हणून कोण सांगतं? आम्ही त्याला चादर आणि शेंगाचटणी घ्यायला नेतो आणि परतीच्या गाडीत बसवतो.

आता कुडल. हत्तरसंग कुडल, भीमा आणि सीना मिळतात तिथे. संगमेश्वराच्या देवळात शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी शिलालेख आहे, आपल्या भाषेतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक. शेजारी ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. इथे एखाद्या खेड्यात हजार वर्षांपूर्वीची डच ओळ दगडावर सापडली असती, तर शाळेच्या सहली, पार्किंग, कॉफी आणि तिकीट, सगळं तिथे उभं राहिलं असतं. आपल्याकडे फोनवर "कुडल" शोधा. एक बाण कोकणातल्या कुडाळला जातो, दुसरा बागलकोट जिल्ह्यातल्या बसवण्णांच्या कुडलसंगमला. तिसरा नशीब असेल तर आपला.

ज्यांना वाटतं बिग डेटा हे दुरुस्त करेल, त्यांनी तो कसा गोळा होतो ते आधी समजून घ्यावं. फोन टॉवरला जोडला जातो. शहरात टॉवरचा आवाका काहीशे मीटर असतो, गावाकडे काही किलोमीटर. कुडलला नदीपलीकडे कर्नाटक आहे, त्यामुळे देवळात उभा असलेला माणूस पलीकडच्या टॉवरवर दिसू शकतो. दिंडीत एका फोनमागे किती वारकरी चालतात हेही टॉवरला कळत नाही. शिवाय खाजगीपणा राखायचा म्हणून असे आकडे देताना अगदी छोट्या संख्या गाळतात. म्हणजे जिथे मोजकीच माणसं जातात ती जागा तक्त्यात येतच नाही. पंढरपूर आणि अक्कलकोट लालभडक दिसणार. त्यासाठी डेटा कशाला? आषाढीत एसटी स्टँडवर उभं राहा.

नियम मोडल्याचा ठपका आला तर काय होतं, तेही इथे बघायला मिळतं. एन्सखेडे शहराने मध्यवर्ती भागातली गर्दी वायफायवरून मोजायला घेतली. २०२१मध्ये डच खाजगीपणा प्राधिकरणाने नगरपालिकेला सहा लाख युरोंचा दंड लावला. मग कोर्टकचेरी. आपल्याकडे वैयक्तिक डेटा जपायचा कायदा २०२३मध्ये झाला, पण ग्रुपवर त्याचं नाव काढलं की "आपलं काय लपवायचंय बे?"

पण एक प्रश्न असा आहे की ज्याचं उत्तर फक्त हा डेटाच देऊ शकतो. देवदर्शनाची जीप अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर, पंढरपूर अशी फिरते. त्यातलं तुळजापूर धाराशिव जिल्ह्यात, गाणगापूर कर्नाटकात. नळदुर्गचा किल्ला धाराशिवचा, गोलघुमट विजयपूरचा. भाविकाला जिल्ह्याची हद्द दिसत नाही, पण सरकारी आकडे हद्दीशी थांबतात. ही माणसं रात्री झोपतात कुठे? सोलापूर शहराच्या वाट्याला मुक्काम येतो की फक्त दुपारचं जेवण? हे कळलं तर हॉटेलवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना उपयोग आहे. पण त्यासाठी दोन राज्यांनी एका टेबलावर बसायला हवं, आणि ते काम सर्व्हरचं नाही. आपण मात्र होटगी रोडवरून विमान उडावं म्हणून वर्षानुवर्षं भांडलो, २०२३मध्ये विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, आणि २०२५मध्ये विमान सुरू केलं ते आधी गोव्याला. म्हणजे पर्यटक आणायचे होते की पाठवायचे होते?

आकड्यांच्या खांबांबद्दल मी इथे डच लोकांचं कौतुक ऐकतो तेव्हा मनात एकच येतं. आमच्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापूरभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या वेळी नंदीध्वज आजही त्यांची प्रदक्षिणा करतात. आखलेला मार्ग, ठरलेले थांबे, सगळं तयार. हे मी ऑफिसात एकाला सांगितलं, तर तो म्हणाला, छान, लिंक पाठव. मुक्काम, वेळ, फोटो, बरोबर जागा असं सगळं एकत्र देईल अशी लिंक मला सापडली नाही. तरी "आहे, पण मराठीत आहे" असं सांगून मी विषय बदलला.

एस्टोनियासारखा छोटा देश रोमिंगवरच्या फोनांवरून परदेशी पाहुण्यांचा अंदाज बांधतो. सोलापूरने उद्या तसंच केलं तर त्यात मी असेन. डच सिमकार्ड, रात्री जुळे सोलापूर, सकाळी सिद्धेश्वर तलाव, संध्याकाळी नवी पेठ, थोड्या दिवसांनी गायब. नातेवाइकांना भेटायला आलेला परदेशी पर्यटक. हा काही यंत्राचा घोटाळा नाही, व्याख्याच तशी आहे. भारत सरकार तर २०१४पासून अनिवासी भारतीयांनाही आंतरराष्ट्रीय पर्यटकांत मोजतं. मी तर आता त्यांच्यातलाही नाही. डच पासपोर्ट घेतला तेव्हा भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. ग्रुपवर हे मी अजून सांगितलेलं नाही. भुईकोट किल्ल्याच्या तिकीट खिडकीवर खिशात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असतं, पण मी ते काढत नाही. "दोन तिकिटं द्या की" एवढं म्हणतो, थोडं जास्तच सोलापुरी सुरात. अजून कुणी अडवलेलं नाही.

हल्ली रात्री बसून मी इंटरनेटवरच्या, कुणालाही भर घालता येईल अशा खुल्या नकाशावर अडुसष्ट लिंगं टाकतोय. उपग्रहाच्या चित्रात कळस दिसतो. पण ते लिंग कितवं, फाटक कधी उघडतं, पावसाळ्यात रस्ता कसा असतो, हे आइंडहोवेनहून कसं कळणार? ग्रुपवर विचारलं तर तिघांनी अंगठे पाठवले, बाकी शांत. डिसेंबरात जाऊन स्वतःच फिरायचं ठरवलंय. ताईला म्हटलं, दोन दिवस तुमची गाडी दे. ती म्हणाली, गाडी देते, पण ड्रायव्हर घेऊन जा, तुला आता इथलं ट्रॅफिक झेपायचं नाही. मी म्हटलं, रिक्षाने जाईन. ती म्हणाली, रिक्षावाले तुझ्याकडून दुप्पट घेतील.